ओव्हन नको, साखर नको, पाक नको : घरचे खजूर-सुकामेव्याचे बार (आपल्या दमट हवेत टिकणारे)

उपवनकर | शनिवार, सकाळी ९:१२

येऊरला चालायला येणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये हे बार वाटले की दर वेळी कोणीतरी रेसिपी मागतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाचा धागाच काढते.

आधीच सांगते, नेटवरच्या बऱ्याच रेसिप्यांमध्ये दोन चमचे पाणी घाला, थोडं दूध घाला, नारळाचं तेल घाला असलं काहीतरी असतं. जिथे हवा कोरडी आहे तिथे चालत असेल. ठाण्यात जुलैमध्ये डबीतल्या मिठाला पाणी सुटतं, तिथे या बारचं काय होणार. त्यामुळे माझ्या रेसिपीचं सगळं गणित एकाच गोष्टीवर आहे, बाहेरचं पाणी आत जाऊ द्यायचं नाही. बाकी बदाम जास्त की काजू जास्त वगैरे ज्याच्या त्याच्या खिशाप्रमाणे.

साहित्य : बिया काढून २५० ग्रॅम खजूर, १०० ग्रॅम बदाम, ५० ग्रॅम काजू, ५० ग्रॅम भोपळ्याच्या बिया, ३० ग्रॅम तीळ, मूठभर किसलेलं सुकं खोबरं (२५ ग्रॅम धरा), वेलची, आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्याशिवाय नुसतंच गोडमिट्ट लागतं. थोडक्यात निम्मा खजूर आणि निम्मा कोरडा माल, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

कृती : खजूर बिया काढलेला आणला असला तरी प्रत्येक खजूर बोटांनी उघडून बघायचा. आत बारीक काळी भुकटी किंवा जाळी दिसली तर तो सरळ कचऱ्यात, आणि एखादी चुकार बी राहिलेली असते तीही तेव्हाच सापडते, नाहीतर मिक्सरचं पातं गेलंच समजा. वरून पांढरट दिसला म्हणून लगेच फेकू नका, बऱ्याचदा ती खजुराचीच साखर बाहेर आलेली असते. जरा कोमट केला की विरघळते. बुरशी असेल तर तंतू दिसतात आणि वास येतो.

बदाम जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर भाजायचे. तडतड ऐकू आली की एक बदाम मधोमध कापून बघा, आतून फिकट बिस्किटी रंग आला पाहिजे. काजू, बिया, तीळ, खोबरं सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण तीळ दोन मिनिटांत उडायला लागतात आणि बदाम तोवर गरमसुद्धा झालेले नसतात. मग सगळं ताटात पसरून पूर्ण, म्हणजे पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना डब्यात भरलं की झाकणाला आतून घाम येतो आणि भाजल्याचा काही उपयोग राहत नाही.

गार झालं की निम्मे बदाम-काजू मिक्सरमध्ये जाडसर फिरवायचे, निम्मे सुरीने कापायचे. खजूर बारीक चिरून कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं परतायचा, पावभाजीच्या मॅशरने दाबत दाबत. तूप अर्धा चमचा, तेही कढईला चिकटू नये म्हणून. खजुराचा गोळा कढई सोडायला लागला की गॅस बंद, कोरडा माल त्यात घालून हाताने मळायचं. तयार झालाय का बघायला बोट दाबा : बोटाला चिकटलं पाहिजे पण बोटावर राहता कामा नये. राहिलं तर अजून खोबरं किंवा तीळ.

चौकोनी डब्याला बटर पेपर लावून त्यात ओता, वर दुसरा बटर पेपर, आणि सपाट बुडाच्या वाटीने जीव खाऊन दाबा. कडा आणि कोपरे विशेष दाबायचे, बार तिथूनच तुटतात. दीड-दोन तास फ्रिजमध्ये, मग सुरीला तुपाचं बोट लावून कापायचं. यात अंदाजे ३० ग्रॅमचे १६ बार होतात.

कोपरीचा_बंड्या | शनिवार, सकाळी ९:४०

म्हणजे आईच्या खजुराच्या लाडवाला चौकोनी करून इंग्रजी शाळेत घातलं की.

उपवनकर | शनिवार, सकाळी ९:५५

बंड्या, तसंच समज. पण लाडू बॅगेत तीन तास राहिला की चपटा होतो आणि त्याचा चुरा टॉवेलला लागतो, हा होत नाही. शिवाय लाडवाला तूप सढळ लागतं, इथे दाबण्यावर काम भागतं. आईला सांग दाबायला, लाडू वळणाऱ्या हाताला ते बरोबर जमतं.

ऐरोली_नाइटशिफ्ट | शनिवार, दुपारी १२:२०

ताई प्रश्न आहे. मी परतायच्या भानगडीत न पडता खजूर आणि बदाम एकदमच मिक्सरला लावले, दहा सेकंद फिरला मग घरघर करून बंदच पडला, आता चालूच होत नाहीये. जळका वास नाही आला. बायको माहेरी आहे, परत यायच्या आत काहीतरी सांगा प्लीज.

नौपाडा_नटबोल्ट | शनिवार, दुपारी १२:३१

घाबरू नका. प्लग काढा, मिक्सर उलटा करा, बुडाला छोटं लाल बटण असेल ते ओव्हरलोडचं असतं. लोड जास्त आला की ते बाहेर येतं. अर्धा तास मोटर गार होऊ द्या, मग बटण आत दाबा आणि रिकामं भांडं लावून चालवून बघा. ते नसतं तर वायंडिंग गेलं असतं.

आणि खजूर मिक्सरला लावायचाच असेल तर एकटा कधीही लावू नका, पात्याभोवती गुंडाळून बसतो, वरचा कोरडाच राहतो आणि खाली मोटर ओढत राहते. आधी सुकामेवा जाडसर करून घ्या, तो अर्धा भांड्यातच राहू द्या, त्यावर चिरलेला खजूर मूठ-मूठ घाला आणि उलट्या बाजूचं पल्स बटण तीन-चारदा टकटक. लहान चटणीचं भांडं वापरा, मोठ्यात नुसता भिंतींवर उडतो. फूड प्रोसेसर असेल तर प्रश्नच नाही, त्याचं पातं रुंद आणि सपाट असतं.

ऐरोली_नाइटशिफ्ट | शनिवार, दुपारी १:१५

चालू झाला!! नटबोल्ट साहेब तुमचे पाय कुठे आहेत. आता कढई आणि मॅशरच.

घोडबंदरची_धूळ | शनिवार, दुपारी ३:०२

खजूर कुठला घ्यायचा ते कोणी नीट सांगेल का? दुकानात गेलं की अजवा, मेडजूल, किमिया, साधा, बी काढलेला, अक्षरशः भिंतभर प्रकार. मी तो काळा डबीतला घेतला होता, मऊ लुसलुशीत, खायला एक नंबर, पण बार काही केल्या उभाच राहिना, फ्रिजबाहेर काढला की बसकण मारतो.

सानपाडा_मावशी | शनिवार, दुपारी ४:४८

धूळताई, तो किमिया. इराणचा असतो, ओला असतो आणि थंडच ठेवावा लागतो म्हणून दुकानातही फ्रिजमध्ये दिसतो. खायला त्याच्यासारखा नाही पण बारला नको, पाणी जास्त. आणलाच असेल तर निम्मा किमिया नि निम्मी खारकेची पूड घाला, खारीक सगळं पाणी पिऊन टाकते. खारीक घरी दळायला जाऊ नका मात्र, दगड असतो तो, पूड विकत मिळते.

मेडजूल बारमध्ये घालणं म्हणजे पैसे चुरडणं. तो अख्खा खायचा. अजवाही तसाच. बारसाठी साधा, जरा घट्ट, तपकिरी खजूर बघायचा. पिवळसर रंगाचा झाहिदी म्हणून इराकचा येतो, तो कोरडसर असतो, स्वस्त असतो आणि फार गोडही नसतो, तो आणि साधा काळा खजूर अर्धा अर्धा घेतला तर माझ्या मते सगळ्यात बरं जमतं. दाबून ठोकळा केलेलं पाकीट येतं तेही चालेल पण ते हमखास उघडून बघा, सगळे एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे आतलं काही दिसत नाही.

खरेदीला वाशीच्या एपीएमसीतला (घाऊक बाजारातला) मसाला मार्केट. नाव मसाला मार्केट असलं तरी सुकामेवाही तिथेच. आत शिरल्या शिरल्या मिरचीने शिंका सुरू होतात त्यामुळे रुमाल हवा. सगळेच किरकोळ देत नाहीत, पण किलो-अर्धा किलो देणारी दुकानं आहेत, विचारत जायचं. सकाळी लवकर जा, दुपारी टेम्पोंच्या मध्ये चालणं मुश्किल होतं, आणि रविवारी जायचं तर आधी चौकशी करून. भाव विचारायच्या आधी एक दाणा मागून चावून बघायचा, यात लाजायचं नाही, तिथे सगळेच करतात. काजू घेताना तुकडा मागा, बारमध्ये अख्ख्या काजूचं काय करायचंय, तुकडा बराच स्वस्त पडतो आणि चव तीच.

रमझानच्या आधी खजूर मुबलक येतो, तेव्हा वर्षाचा भरून ठेवावा. ठाण्याकडच्यांना लांब पडत असेल तर त्या दिवसांत मुंब्र्याच्या बाजारात चक्कर मारा, इतके प्रकार एका जागी बघायला मिळत नाहीत.

जांभळीनाका | शनिवार, संध्याकाळी ६:१०

मावशींना अनुमोदन. ठाणे स्टेशनजवळ जांभळी नाक्यालाही किराणा-सुकामेव्याची जुनी दुकानं आहेत, पावशेर वगैरे घ्यायचं असेल तर वाशीपर्यंत जायची गरज नाही. अक्रोड मात्र चाखल्याशिवाय घेऊ नये. खवट अक्रोड एक जरी गेला तरी अख्ख्या ताटाला जुन्या तेलाचा वास मारतो आणि मग वेलची घाला नाहीतर केशर घाला, जात नाही.

ठाणेस्लो_ट्रान्सहार्बर | शनिवार, रात्री १०:२५

बाकी सगळं जमलं, पण चौथ्या दिवशी बदाम मऊ पडतात. भाजले होते, गार केले होते, डबा घट्ट होता. पहिल्या दिवशी कुरकुरीत, नंतर वातड. काय चुकतंय?

रबाळे_लॅब | रविवार, सकाळी ७:५०

काही चुकत नाहीये, असंच होणार. मी फूड लाइनमध्येच आहे (टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात) म्हणून जरा लांबण लावतो.

खजुरात साधारण पाचवा हिस्सा पाणी असतं. भाजलेल्या बदामात दोन-तीन टक्के. दोघांना एका डब्यात चिकटवून ठेवलं की पाणी खजुरातून बदामाकडे सरकत राहतं, दोन्हीकडे समतोल होईपर्यंत. डबा कितीही घट्ट असो, हे आतल्या आत चाललेलं असतं. त्यामुळे पहिल्या दिवसाचा कुरकुरीतपणा टिकवायचा असेल तर बदामाभोवती पाणी न शिरणारं काहीतरी हवं. कारखान्यात चरबीचा किंवा चॉकलेटचा पातळ थर देतात. घरी सोपा उपाय म्हणजे भाजलेल्या बदाम-काजूंना गरम असतानाच पाव चमचा तूप चोळून मग गार करायचं. पूर्ण थांबत नाही पण फरक पडतो. दुसरं, तुकडे मोठे ठेवा, भुगा केला की पाणी पटकन शिरतं. तिसरा उपाय मला स्वतःला आवडतो : निम्मा सुकामेवा आत घालायचाच नाही, वरून दाबून बसवायचा. दिसतोही छान.

आता खजुरात एवढं पाणी असून तो महिनोन् महिने बाहेर टिकतो कसा? त्याचं कारण साखर. साखरेने ते पाणी धरून ठेवलेलं असतं, बुरशीला वापरायला मिळत नाही. तुम्ही वरून दोन चमचे पाणी किंवा दूध घातलंत की हे गणित मोडतं, वाढीव पाणी मोकळं राहतं आणि बुरशीची सोय होते. धागाकर्तीने पहिल्याच पोस्टमध्ये पाण्याला बंदी घातली आहे ते म्हणूनच बरोबर आहे. याच कारणाने भिजवलेले बदाम बारमध्ये घालू नका. घरोघरी रात्री बदाम भिजवायची सवय आहे आणि सकाळी उरलेले सोलून यात ढकलायचा मोह होतो. ते खाऊन टाका.

ठाणेस्लो_ट्रान्सहार्बर | रविवार, सकाळी ८:३०

खतरनाक माहिती. म्हणजे ताजं सफरचंद, केळं किसून घालणं वगैरे बादच.

रबाळे_लॅब | रविवार, सकाळी ८:४१

घाला, पण मग दोन दिवसांत फ्रिजमधून संपवा, आणि त्याला बार म्हणू नका, शिरा म्हणा.

अजून एक, फ्रिजमधला डबा बाहेर काढल्या काढल्या उघडू नये. पावसाळ्यात तर नकोच. थंड बारवर बाहेरच्या हवेतलं बाष्प लगेच दव धरतं आणि वरचा थर चिकट होतो. वीस-पंचवीस मिनिटं झाकण बंद ठेवून रूम टेंपरेचरला येऊ द्या, किंवा एकेक बार बटर पेपरमध्ये गुंडाळून ठेवा आणि लागेल तेवढाच काढा. हिवाळ्यात बाहेर आठवडाभर आरामात राहतात, जून ते सप्टेंबर फ्रिजच. फ्रीझरमध्ये दोनेक महिने.

खारघर_डोंगरवाला | रविवार, दुपारी ११:५८

ट्रेकवाल्यांसाठी माझी भर. एप्रिल-मेमध्ये सॅकच्या वरच्या कप्प्यात तापमान किती जातं ते मोजलं नाही पण चॉकलेटचा थर दिलेला बार माहुली गडाच्या शिडीपर्यंत पोचत नाही, पिशवीत सरबत. चॉकलेट आपल्या अंगाच्या तापमानालाच वितळतं, आणि नारळाचं तेल तर २४-२५ डिग्रीलाच, म्हणजे आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस ते पातळच. ज्या रेसिपीत ‘नारळाच्या तेलाने बार सेट होतो’ लिहिलंय ती फक्त फ्रिजमधून काढून उभ्या उभ्या खायची रेसिपी आहे.

मधाचंही तेच. मध गार झाला म्हणून घट्ट होत नाही, पकडतो थोडाफार, पण उन्हात सगळं ढिलं. ओट्स नि मध नि पीनट बटर वाले बार मी डोंगरावर चमच्याने खाल्लेत. खजूर किंवा सुकं अंजीर, बास. अंजीर खजुरापेक्षा कमी गोड असतं आणि त्याच्या बिया दाताखाली मस्त येतात, पण एकट्या अंजिराचा बार कोरडा होऊन चिरतो, तीन भाग खजूर नि एक भाग अंजीर घ्या.

पावसाळ्यात खारघरच्या पांडवकडा धबधब्याच्या बाजूला वगैरे भिजत जाणाऱ्यांनी (बंदी असते तिकडे, सांगून ठेवतो) प्रत्येक बार वेगळा गुंडाळून मग झिपलॉकमध्ये. आणि कागद खिशात घालून परत आणा, डोंगरावर नका टाकू, आधीच तिकडे वेफर्सच्या पाकिटांचा खच आहे.

पामबीच_पहाटे५ | रविवार, दुपारी १:२०

मी रनर आहे, वय ५४, जानेवारीच्या फुल मॅरेथॉनची तयारी चालू आहे. लाँग रनच्या मध्ये हे बार खाल्ले तर चालतील का? एनर्जी जेल (पळताना चोखायची गोड पाकिटं) पोटाला सोसत नाहीत.

नेरूळ_डायट | रविवार, दुपारी २:४५

काका, पळताना नको. पळायच्या आधी तास-दीड तास अर्धा बार चालेल, पळून आल्यावर अख्खा चालेल. मध्ये नको कारण यात निम्मा सुकामेवा आहे, म्हणजे फॅट आणि फायबर, ते पोटात रेंगाळतं. तासाभरापेक्षा जास्त पळताना साधारण तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्ज लागतात, आणि ती पटकन रक्तात जाणारी हवीत. तुम्ही बारऐवजी नुसता खजूर न्या, बी काढून, मीठ चोळून, बारीक तुकडे करून. नवी मुंबईच्या घामात मीठ हवंच. आणि रेसच्या दिवशी पहिल्यांदा नको, आधी लाँग रनला ट्राय करून पोटाला विचारा.

ट्रेकची गोष्ट वेगळी, तिथे वेग कमी असतो, मधे मधे बसणं असतं, तिथे हे बार उत्तम.

बाय द वे उपवनकर ताईंच्या प्रमाणाचा हिशोब केला मी : एका बारमध्ये साधारण १३५ कॅलरी, साडेतीन ग्रॅम प्रोटीन, १० ग्रॅमच्या आसपास साखर. चांगला खाऊ आहे, पण याला प्रोटीन बार म्हणत असाल तर नाही हो. एका उकडलेल्या अंड्यात याच्या दुप्पट-जवळ प्रोटीन असतं.

वर्तकनगर_सुमा | रविवार, दुपारी ३:३०

माझ्या सासऱ्यांना शुगर आहे, त्यांना हे साखर नसलेले म्हणून रोज दिले तर चालतील ना? खजुरात लोहसुद्धा भरपूर असतं म्हणतात, मुलीचं हिमोग्लोबिन कमी आहे तिलाही देईन म्हणते.

नेरूळ_डायट | रविवार, दुपारी ४:१८

सुमाताई, दोन्ही ठिकाणी थांबा जरा.

सासऱ्यांचं आधी. वरून साखर घातली नाही म्हणजे साखर नाही असं नाही. खजुराच्या वजनाचा साठ टक्क्यांहून जास्त भाग साखरच असते. पाकिटावर ‘शुगर फ्री’ लिहायला एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाने १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही, आपल्या बारमध्ये ती तीसेक ग्रॅम निघते. सुकामेव्यामुळे ती जरा सावकाश चढते हे खरं, पण चढते. त्यांच्या डॉक्टरांना विचारून कधीतरी अर्धा तुकडा, तोही दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या बदल्यात, वरून एक्स्ट्रा नाही.

लोहाचं : १०० ग्रॅम खजुरात जेमतेम एक मिलिग्रॅम लोह असतं. आयसीएमआर-एनआयएनने (राष्ट्रीय पोषण संस्थेने) २०२० मध्ये बाईसाठी दिवसाची गरज २९ मिलिग्रॅम सांगितली आहे, आता तुम्हीच भाग देऊन बघा. या बारमध्ये जे थोडंफार लोह आहे ते तिळातून आणि भोपळ्याच्या बियांतून जास्त येतंय. मुलीला बार जरूर द्या, आवडीने खाईल, पण हिमोग्लोबिनसाठी तपासणी आणि गोळ्याच. खजुराच्या भरवशावर सहा महिने काढलेल्या मुली माझ्याकडे येतात, म्हणून जरा स्पष्ट लिहिलं, राग मानू नका.

वर्तकनगर_सुमा | रविवार, दुपारी ४:४०

राग कसला, बरं झालं विचारलं. सासऱ्यांपासून डबा लपवते आता, ते शोधून काढतातच म्हणा.

कोपरीचा_बंड्या | रविवार, संध्याकाळी ५:०५

फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीखाली ठेवा. अनुभव.

कळव्याची_रेवती | रविवार, संध्याकाळी ७:३३

डब्यात द्यायला कोणी करतं का? मुलगा ज्युनियर केजीत आहे. आणि त्यांच्या शाळेने शेंगदाणे-सुकामेवा आणू नका सांगितलंय, वर्गात एकाला अ‍ॅलर्जी आहे.

उपवनकर | रविवार, रात्री ८:१०

रेवती, मग शाळेत सुकामेवा नाहीच, नियम पाळायचा. त्याऐवजी भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया, खोबरं आणि राजगिऱ्याच्या लाह्या असं कर, खजूर तोच. तिळाचीही काहींना अ‍ॅलर्जी असते तेव्हा बाईंना विचारून घे. एवढ्या लहान पोरांना अख्खे बदाम किंवा मोठे तुकडे तसेही देऊ नयेत, ठसका लागतो, भरडच घाल. आणि घरात तान्हं बाळ असेल तर मध असलेला बार त्याला चाटवायलासुद्धा नको, एक वर्षापर्यंत मध देतच नाहीत.

सानपाडा_मावशी | रविवार, रात्री ८:५२

राजगिऱ्यावरून आठवलं, हाच उपासाचा बार. खजूर, भाजलेले शेंगदाणे, खोबरं, राजगिरा लाह्या, सैंधव. ओट्स घातले की उपास मोडला, एवढं सांभाळायचं. शेंगदाणे भाजून, सालं पाखडून, एकेक नजरेखालून घालायचे, सुरकुतलेला, काळपट किंवा हिरवट दिसला की काढून टाका, त्यातलं बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही आणि ते लिव्हरला वाईट. लाह्या सगळ्यात शेवटी घालायच्या आणि हलक्या हाताने, मळायला गेलात तर चुरा. दाबायच्या मात्र तेवढ्याच जोरात. आषाढीला आमच्या मजल्यावर साबुदाण्याच्या खिचडीआधी याचाच फडशा पडतो.

घोडबंदरची_धूळ | रविवार, रात्री ९:२०

ओट्स कच्चेच घालायचे का पण?

रबाळे_लॅब | रविवार, रात्री ९:२८

पाकिटातले ओट्स वाफवून चपटे केलेले असतात, कच्चे म्हणता येणार नाहीत. तरी कोरडे भाजून घ्या, कच्चट पिठूळ चव जाते आणि आपल्याकडच्या हवेत त्यांनी ओढलेलं पाणीही निघतं. इन्स्टंट नको, त्याचं पीठ होतं. मसाला ओट्स कोणी घालू नका, हसू नका, आमच्या ओळखीत घातले आहेत एकाने.

चिपळूणचा_ठाण्यात | रविवार, रात्री १०:४०

एवढी चर्चा झाली, कोणीच आंबापोळीचं नाव काढलं नाही? परदेशातले क्रॅनबेरी आणून घालायचे (त्याला वरून साखर लावलेली असते, पाकिटामागे वाचा) आणि आपली साठं डब्यात पडून. आंबापोळी म्हणजे उन्हात वाळवलेला रसच, तिच्यात आंबटपणा असतो जो खजुराला नसतो. कात्रीने अगदी बारीक पट्ट्या कापायच्या, कात्रीला तूप लावून, आणि खोबऱ्यात घोळवून मग मिश्रणात टाकायच्या म्हणजे एकमेकींना चिकटून गोळा होत नाही. दादर-ठाण्याकडे कोकणी मेव्याच्या दुकानांत बारा महिने मिळते. फणसपोळीही चालते पण तिचा वास सगळ्यांना झेपत नाही, घरात फणस न खाणारं माणूस असेल तर वेगळी बॅच करा.

सोबत वेंगुर्ल्याच्या काजूचा तुकडा आणि सांगलीकडचे बेदाणे (जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेले) घातले की अख्खा बार महाराष्ट्रातला, खजूर तेवढा परका. बेदाणे धुतले तर फडक्यावर दिवसभर सुकवून मगच घाला.

उपवनकर | रविवार, रात्री १०:५६

आंबापोळी!! हे माझ्या डोक्यात कसं नाही आलं. उद्याच करते. प्रमाण काय, खजूर कमी करायचा का?

चिपळूणचा_ठाण्यात | रविवार, रात्री ११:०३

२५० खजुराला ५० ग्रॅम पोळी, खजूर आहे तेवढाच. पोळी पकड देत नाही, फक्त चव देते. साखर घातलेली पोळी असेल तर वेलची नको, सुंठ घाला पाव चमचा.

जांभळीनाका | सोमवार, सकाळी ८:१५

जर्दाळूही आंबट असतात. भडक नारिंगी दिसणाऱ्यांना रंग टिकावा म्हणून गंधकाची प्रक्रिया केलेली असते, दम्याच्या काही लोकांना त्याचा त्रास होतो. तपकिरी, दिसायला मरतुकडे असतात ते घ्या, चवीला जास्त गोड निघतात.

ऐरोली_नाइटशिफ्ट | सोमवार, सकाळी ९:०५

कढई-मॅशरने केले काल रात्री, झाले! फक्त कापताना शेवटची रांग भुगा झाली. एक प्रश्न, सोसायटीत एक-दोघांनी विकत देतोस का विचारलं, द्यायचे का?

रबाळे_लॅब | सोमवार, सकाळी ९:३०

विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी लागते, घरगुती असलं तरी. आणि पाकिटावर शेंगदाणा, काजू, बदाम, तीळ काय काय आहे ते ठळक लिहा, कोणाला अ‍ॅलर्जी असेल सांगता येत नाही. सध्या ओळखीत असेच वाटा, आधी शेवटची रांग नीट कापली जाऊ दे.

नौपाडा_नटबोल्ट | सोमवार, सकाळी ९:४४

शेवटची रांग भुगा होते कारण सुरी ओढत कापताय. करवतीसारखं पुढेमागे नाही करायचं, लांब पात्याची सुरी वरून सरळ खाली दाबायची आणि तशीच वर उचलायची, दर दोन कापांनंतर पातं पुसून. आणि डब्यात कापू नका, बटर पेपर धरून ठोकळा बाहेर पोळपाटावर घ्या.

सानपाडा_मावशी | सोमवार, सकाळी १०:२०

भुगा दुधात घालून प्यायचा, टाकायचा नाही. बरं, शनिवारी सकाळी मी मसाला मार्केटला जाणार आहे, झाहिदी कोणाला हवा असेल तर शुक्रवारपर्यंत इथे सांगा, वाशी स्टेशनला घेऊन जा. अर्ध्या किलोच्या खाली नाही आणणार.

घोडबंदरची_धूळ | सोमवार, सकाळी १०:२६

मावशी, एक किलो माझा. काजू तुकडाही मिळाला तर अर्धा.

ठाणेस्लो_ट्रान्सहार्बर | सोमवार, सकाळी १०:३१

माझाही किलोभर. सव्वादहाच्या लोकलने येतो, तिकीट खिडकीपाशी थांबेन.